वाव्हळे मिस्त्री आणि चाळीस पंप

वाव्हळे मिस्त्री कुठलीही मोटार दुरुस्त केली की ती चालू करून तिच्याशेजारी तासभर बसायचे. गिऱ्हाईक घाईत असो, बाहेर टेम्पो उभा असो, मिस्त्री स्टूल ओढून बसलेच. डोळे अर्धे मिटलेले आणि उजवा तळवा मोटारीच्या अंगावर, लेकराचा ताप बघावा तसा. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "मिस्त्री, झाली की चालू. द्या आता." मिस्त्री डोळे न उघडता म्हणायचे, "चालू झाली हे मला बी दिसायलंय. चालती का, ते बघायलोय. तासभर जाऊ द्या, मंग बोलू."

परभणीत जिंतूर रोडला त्यांचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींतली काळी पडलेली तार काढून नवी भरायची, बेअरिंगं बदलायची, पंप जोडून द्यायचे, असं काम. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. अंगात खाकी शर्ट, गळ्यात ग्रीसचे डाग पडलेली दस्ती. रुमालाला ते दस्ती म्हणायचे आणि सहीला दस्तखत. पाटीवर 'किसन वाव्हळे' असं लिहिलेलं होतं, पण त्यांना त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. लोकांचं त्यांच्याविषयी मत एवढंच, की माणूस कामाचा पक्का, पण हट्टी. हा हट्ट त्यांना एकदा किती महाग पडला होता, हे परभणीत फार थोड्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, कारण तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

आमची पहिली भेट मात्र परभणीत झाली नाही. ती झाली पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात, एका मोठ्या नदीच्या काठावर. मी तिशीतला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून चार ठिकाणी नोकऱ्या धरून सोडलेला. आपल्याकडच्या एका कंपनीला तिकडे नदीवर चाळीस पंप बसवायचं कंत्राट मिळालं होतं आणि पगार इथल्या तिप्पट होता. दोन दिवसांचा प्रवास करून, लाल धुळीने भरून मी पिकअपमधून उतरलो, तर पत्र्याच्या शेडमागून आवाज आला, "आरं ह्या पेटीवर पाय कुनी दिला? आत पंखा हाय का दगड?"

मी जागच्या जागी थांबलो. शेडला वळसा घालून गेलो. मिस्त्री लाकडी पेटीवर झुकलेले होते.

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"बोरी. जिंतूर तालुका. तू?"

"चारठाणा."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता गळाभेट होणार. "मंग उभा कामून ऱ्हायला? ती बाजू धर पेटीची," ते म्हणाले.

ते माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. बोरीतल्या बौद्ध वस्तीतले. वडील शेतमजूर, हे शाळा सुटल्यावर एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेले. आम्ही आपापल्या गावातच राहिलो असतो तर आमची ओळख पडली असती तरी ती दुकानाच्या काउंटरपुरतीच राहिली असती. तिकडे एका पत्र्याच्या खोलीत सहा फुटांच्या अंतराने आमच्या खाटा होत्या. सकाळी उठून ते हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हणायचे, मी तोवर चहा ठेवायचो. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "इंजनेर" म्हणायचे. सुरुवातीला ती थट्टा होती, पुढे सवय झाली.

महिनाभराने त्यांनी मला विचारलं, "इंजनेर, हे पंप त्या लोकांनी घेतले कशाच्या पैशानं? इथं त रस्ता बी न्हाई."

मला जेवढं कळत होतं तेवढं मी सांगितलं. आपल्या देशाने त्यांच्या देशाला कर्ज दिलंय. अट अशी की सामान आपल्याकडून घ्यायचं, बसवायचं कंत्राटही आपल्याच कंपनीला. आपली बँक पैसे थेट आपल्या कंपनीला देते. ते सरकार वीस-पंचवीस वर्षांत व्याजासह फेडणार. व्याज कमी आहे, आणि दोन गरीब देशांनी एकमेकांना धरून वर यावं अशी त्यामागची कल्पना आहे. गोऱ्यांच्या दारात जाण्यापेक्षा हे बरं.

मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि बराच वेळ पान्याला तेल लावत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पैसा आपल्या ह्या खिशातून आपल्याच त्या खिशात गेला. समुद्र वलांडून आली ती फकस्त उधारी."

"पंपही आले की."

"आले. पंप चालले त हिशेब बरोबर हाय. पंपानं पानी द्यायचं, पान्यानं तूर द्यायची, तुरीनं हप्ता द्यायचा. न्हाई चालले त हप्ता कोन देनार?"

तूर हा शब्द त्यांच्या तोंडी आला, कारण नदीकाठी तूरच होती. आम्ही पहिल्यांदा ते शेत पाहिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आमचा ड्रायव्हर जोसेफ हा चाळिशीतला माणूस. शहरात गुजराती दुकानदाराकडे राबून बऱ्यापैकी हिंदी शिकलेला. तो आम्हाला शेतकऱ्यांच्या गटाच्या प्रमुख बाईकडे घेऊन गेला. मामा नेमा तिचं नाव. तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने मामा म्हणतात. मिस्त्री हसून म्हणाले, "बाईला मामा! आता मामी कुनाला म्हनावं?" आणि बोलता बोलता बांधावर थांबलेच. समोर पुरुषभर उंचीची तूर, पिवळी फुलं, शेंगा धरलेल्या. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले.

"आरं, ही त आपली तूर हाय!"

मामा नेमाने जोसेफमार्फत सांगितलं, की ओल्या शेंगा आम्ही उकडून खातो, वाळलेला दाणा मात्र सगळा व्यापारी नेतो. तो तुमच्याच देशात जातो म्हणतात. एवढ्या दाण्यांचं तुम्ही करता तरी काय?

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी तिच्याच घरी जाऊन उत्तर दिलं. जात्यावर तूर भरडून घेतली, पाखडली आणि लसणाची फोडणी घालून पातेलंभर वरण केलं. मामा नेमा, तिचा नवरा, दोन शेजारणी ओसरीवर बसल्या. मामा नेमाने मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा गोळा वरणात बुडवून खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि जोसेफला काहीतरी म्हणाली. तो हसत सुटला. "कहती है, जिंदगीभर लडकी का ब्याह कराके भेजा, ससुराल आज देखा."

मिस्त्री त्या दिवसापासून त्या बाईच्या शेतावर वारंवार जायचे. पाटाचा उतार कुठून काढायचा, पाणी आलं तर कोपऱ्यातला मका कसा वाचेल, अशा त्यांच्या खुणांनी चाललेल्या गप्पा असायच्या. मी चेष्टा केली की म्हणायचे, "माझ्या बापाला सोताचं शेत न्हवतं, इंजनेर. दुसऱ्याचं भिजलेलं बघून बी मला बरं वाटतंय."

पंप बसत गेले, पण वीज आली नाही. नदीपर्यंत लाइन आणण्याचं काम दुसऱ्याच एका देशाच्या कर्जातून व्हायचं होतं. तिथलं सरकार आधीच्या कर्जांचे हप्ते भरता भरता टेकीला आलं होतं. दोन-तीन हप्ते चुकले, तसे लाइनसाठी कर्ज देणाऱ्या देशाने पुढचे पैसे रोखले. विजेचे खांब अलीकडच्या एका गावापर्यंत आले आणि तिथेच थांबले. तिथून नदी चार कोस. खांबांवर तारा नव्हत्या. बायका दोन खांबांच्या मध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या.

कंपनीला थांबायला वेळ नव्हता. तिने भाड्याचे डिझेल जनरेटर आणले आणि त्यावर पंपांची चाचणी सुरू झाली. मिस्त्रींनी प्रत्येक पंपाजवळ तासभर बसून चाळीस पंप तपासले. त्याला पाच दिवस लागले. पंपात खोट नव्हती. पाटात पाणी आलं तेव्हा सगळा गाव काठावर उभा होता. बायकांनी जिभेने तो उलुलुलु आवाज काढला, म्हातारेसुद्धा पाटात उतरले. मामा नेमा मात्र जनरेटरकडे बघत होती. तिने जोसेफकरवी मिस्त्रींना विचारलं, "तुम्ही गेल्यावर हे गाडं इथे राहील का?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "ते किरायाचं हाय. आमच्यासंगं जानार."

"मग पाणी कोण चढवणार?"

मिस्त्रींनी नुसता खांबांच्या दिशेने हात केला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी प्रोजेक्ट मॅनेजरने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता, काम पूर्ण झाल्याचा दाखला. त्यात लिहिलेलं होतं, की जागेवर वीजपुरवठा उपलब्ध आहे आणि चाळीसही पंप सुस्थितीत चालू आहेत. विजेसाठी माझी सही, पंपांसाठी मिस्त्रींची. तिकडच्या सरकारी अधिकाऱ्याची सही आधीच होऊन आली होती. हा कागद बँकेत गेला की कंपनीला शेवटची मोठी रक्कम मिळणार होती आणि त्या देशाच्या नावावर कर्जाची पूर्ण रक्कम चढणार होती.

मिस्त्रींनी मला कागद मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला. ते म्हणाले, "साहेब, ह्याच्यात एक वळ वाढवा. पंप जनरेटरवर तपासले, लाइन आनखी आली न्हाई. एवढी वळ टाका, मी आत्ता दस्तखत करतो."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. "मिस्त्री, ती ओळ टाकली तर बँक पैसे थांबवेल."

"थांबवू द्या की. लाइन येईस्तोवर थांबवू द्या. पैसे थांबले म्हंजे लाइन आनायची घाई कुनाला तरी हुईल. आता पैसे गेले त ह्या पंपांकडं कोन बघनार?"

"लाइन आपल्या कंत्राटात नाही. आणि कर्ज त्यांचं सरकार फेडणार आहे. तुम्हाला काय त्याचं?"

"सरकार कशातून फेडंल, साहेब? तुरीतून, मक्यातून. तूर कुनाची हाय? मी त्या बाईच्या घरी जेवलोय."

मग मॅनेजरने खरं काय ते सांगितलं. हा कागद गेला नाही तर कुणाचाच थकलेला पगार निघणार नाही, परतीची तिकिटं निघणार नाहीत. "मुख्य ऑफिसमधून मला हेच सांगितलंय," तो म्हणाला आणि त्याने पेन माझ्यासमोर ठेवलं.

घरी मला मुलगी झाली होती. पाच महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. हे कारण मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला देत आलो. ते खोटं नव्हतं. पण जागेवर वीज नव्हती, हेही तेवढंच खरं होतं, आणि 'वीजपुरवठा उपलब्ध' या शब्दांखाली मी सही केली. मिस्त्री शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन उचललं, टोपण लावलं आणि मॅनेजरच्या बाजूला सरकवून ते उठले.

खोलीवर येऊन ते ट्रंक भरायला लागले. मी दारात उभा. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही नाही केली तर ते दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. फरक काय पडणार?"

"करून घेतील. त्याच्या दस्तखताची जिम्मेदारी त्याची." मग ट्रंकेवर बसले. "हे बघ इंजनेर. रोज सकाळी मी पाच शीलं म्हनतो. तुझ्या कानावरूनच जात्यात. चौथं काय हाय? खोटं बोलनार न्हाई. ल्हानपनापसून म्हनायलोय. म्हनायला लय सोपं. ते कधी असं समोर येऊन बसंल, हे मला बी वाटलं न्हवतं."

मी मान खाली घातली.

"तुला न्हाई म्हनायलो," ते म्हणाले. "तू पोरीला बघायला जा."

त्यांना आठवड्यात परत पाठवलं. चार महिन्यांचा पगार कंपनीने अडकवला, तो त्यांना कधीच मिळाला नाही. दुसऱ्या साइटवरून एक फिटर आणून कागद पुरा केला गेला. मी दीड महिन्याने परतलो, पूर्ण पगार घेऊन. परभणीत घर केलं आणि एका डाळ मिलमध्ये देखभालीच्या कामाला लागलो. मिस्त्रींनी जिंतूर रोडला दुकान टाकल्याचं मला कळलं होतं. पण मी तो रस्ता टाळायचो. मिलची मोटार जळाली तरी दुसरीकडे पाठवायचो. वर्षभर असं चाललं.

आमची गाठ पुन्हा पडली ती मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. त्या हंगामात बाहेरच्या देशांतून भरपूर तूर आली होती आणि इथले भाव कोसळले होते. मोंढ्याच्या दारातल्या हॉटेलात चहा घेताना शेतकरी संतापलेले होते. एक जण म्हणाला, "त्या आफ्रिकावाल्यांनी आपली वाट लावली. फुकटात पिकवतेत आन् आपल्या उरावर घालतेत."

कोपऱ्यातून ओळखीचा आवाज आला. "फुकटात न्हाई पिकवत. मी बघितलंय पिकवताना."

तो शेतकरी बोरीचाच होता. त्याने वळून पाहिलं. "मिस्त्री, तुमाला आपल्या गावापेक्षा त्यांचाच पुळका यायलाय का?"

"पुळका न्हाई रे बाबा. तुझ्या तुरीला भाव न्हाई हे मला दिसंना का? पर त्या बाईला बी भाव भेटला न्हाई. तिची तूर बंदरात पोचूस्तोवर चौघांनी खाल्ली. आन् तिच्या सरकारला आपल्या देशाचं कर्ज फेडायचं हाय, म्हून त्यांला तूर इकावीच लागती, भाव असू दे का नसू दे. तिची तूर आली त तू मरतूस. उद्या तुझ्यासाठी सरकारनं बंद केली, त ती मरती. भांडायचं त खुशाल भांड, पर तिच्याशी कामून?"

"मंग कुनाशी?"

"ते मला बी नीट कळंना," मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाले. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. "आरं इंजनेर! कवा आलास? पोरगी चालायली का आता?"

पोरगी चालायला लागून महिने झाले होते. वर्षभर मी त्यांना चुकवत होतो, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा.

पुढच्या हंगामात खरोखरच सरकारने आयातीवर बंधनं घातली. मोंढ्यात लोक खूश होते. मिस्त्री मात्र दुकानातून हलले नाहीत. जोसेफचा अधूनमधून फोन यायचा. तो म्हणाला होता, की तिकडे तुरीची पोती घराघरांत पडून आहेत, व्यापारी फिरकत नाहीत. मामा नेमाने निम्मी तूर बकऱ्यांना घातली. त्याच सुमारास मी मिस्त्रींना मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. त्या देशाने कर्जाचे हप्ते भरायला मुदत मागितली होती. त्यासाठी तिथल्या सरकारला खर्च कमी करावा लागणार होता आणि मक्याच्या पिठावरची सवलत बंद होणार होती. कर्ज देणाऱ्यांच्या यादीत आपल्याही देशाचं नाव होतं.

"पंपांची लाइन?" मिस्त्रींनी विचारलं.

जोसेफने फोटो पाठवला होता. पंपांच्या शेडवर वेल चढले होते.

आठ दिवसांनी मिस्त्री माझ्या घरी आले. ते पहिल्यांदाच आले होते. माझ्या मुलीला त्यांनी रेवड्या आणल्या होत्या. पाणी पिऊन म्हणाले, "इंजनेर, एक कागद लिव्हून पायजे. इंग्रजीत. बँकेला लिव्हायचा आन् त्यांच्या सरकारला बी. जोसेफ म्हनायलाय, तिथं आनखी साठ पंपांचं कर्ज मंजूर व्हायलंय. त्याच नदीवर, त्याच कंपनीकडून. पहिले चाळीस चालतेत, म्हून दुसरे साठ. ते चालतेत हे कुठून कळलं त्यांला? त्या कागदावरून."

मी त्यांचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"मी काय बघितलं ते मी सांगतो. तू नुसतं इंग्रजी कर. तुझं नाव घालायचं का न्हाई, ते तू ठरव. न्हाई घातलंस तरी माझी काय हरकत न्हाई."

ते गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. त्यांचं म्हणणं सोपं होतं. पण सहीच न केलेल्या मिस्त्रीचं कोण ऐकणार? पगार अडकला म्हणून सूड घेतोय, असंच कंपनी म्हणाली असती. जागेवर वीज होती हे ज्याने लिहून दिलं, त्याने नव्हती म्हटलं, तरच त्या पत्राला वजन येणार होतं. आणि तसं म्हटलं तर मी खोटी सही केल्याचं माझ्याच अक्षरात लिहून देणार होतो. बायकोला सगळं सांगितलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "नोकरी गेली तर?" मी म्हणालो, "जाईल कदाचित." ती थोड्या वेळाने म्हणाली, "पण मग ते मिस्त्री बिनपगाराचे आले, ते यामुळे होय?" तिने पुढे काही विचारलं नाही.

पत्रात मी माझं नाव घातलं. दिवस, जागा, जनरेटर, सगळं लिहिलं, आणि माझी सही खोटी होती असं एक वाक्य लिहिलं. मिस्त्रींनी ते मराठीत समजून घेतलं. त्या वाक्यापाशी ते थांबले, चष्मा काढून दस्तीने पुसला आणि मला म्हणाले, "लिव्हलंस का? बरं." मग खाली आपलं दस्तखत केलं. एकेक अक्षर सावकाश.

पहिलं उत्तर चार महिन्यांनी आलं, 'पत्र मिळाले' एवढंच. दुसऱ्याला वर्ष लागलं. मधल्या काळात कंपनीच्या वकिलाची धमकीवजा नोटीस आली. माझ्या मिल मालकापर्यंत कुणीतरी गोष्ट पोचवली आणि मला दोन महिने घरी बसावं लागलं. मिस्त्रींनी मला दुकानात बसवून घेतलं आणि मोटारीत तार भरायला शिकवलं. शेवटी बँकेच्या दोन अधिकाऱ्यांनी फोनवर माझी दीड तास चौकशी केली. ते तिकडे जाऊनही आले. साठ पंपांचं कर्ज थांबलं. आधी लाइन, मग पंप, असं ठरलं. दोन वर्षांनी लाइन नदीपर्यंत आली. तोवर चाळिसांतले बरेच पंप गंजले होते. अकरा चालू झाले.

मी निराश झालो. इतका खटाटोप आणि अकरा. मिस्त्री म्हणाले, "अकरा चालायलेत, इंजनेर. आन् साठांचं ओझं चढलं न्हाई, ते धरंनास का? ते कुठं दिसायचं न्हाई. त्याचा फोटो बी येनार न्हाई. पर त्या बाईच्या नातवाला कवा तरी हलकं वाटंल, आन् कामून वाटायलंय ते त्याला कळनार बी न्हाई."

ते कर्जाच्या विरोधात होते असं कुणाला वाटू नये. स्वतःच्या दुकानातलं तार भरायचं मशीन त्यांनी बँकेच्या कर्जावरच घेतलं होतं, आणि ते अभिमानाने सांगायचे, "हे मशीन तार गुंडाळतंय, तार हप्ता देतीया. मी मधी कुठंच न्हाई." दोन गरीब देशांनी एकमेकांशी व्यापार करावा, हेही त्यांना पटायचं. "आपुन त्यांला पंप द्यावा, त्यांनी आपल्याला तूर द्यावी, ह्याच्यात वाईट काय हाय? पर देनाऱ्यानं घेनाऱ्याच्या दारात जाऊन बघावं. खांबाला तार हाय का न्हाई, एवढं तरी बघावं."

गेल्या उन्हाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. बोरीला त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मंडपात वंदना झाली, चार लोक बोलले. मलाही बोलायला सांगितलं, तसा मी उठलो. पण नुसते हात जोडून खाली बसलो.

लोक जेवायला उठले तेव्हा मिस्त्रींच्या बायको, शांतावहिनी, माझ्याजवळ आल्या. बारीक चणीची, शांत बाई. म्हणाल्या, "तुमचं नाव लय घ्यायचे. म्हनायचे, तो कागद इंजनेरनं लिव्हला म्हून पुढचं समदं झालं."

"आणि आधीचं?" मी विचारलं. "तिकडचं काय सांगायचे?"

"आधीचं काय? ह्यांनी दस्तखत केलं न्हाई, पगार बुडला. तेवढंच."

एवढ्या वर्षांत त्यांनी घरीसुद्धा माझी सही सांगितली नव्हती. खोटंही बोलले नव्हते. फक्त माझ्या वाट्याचं ते तिथेच सोडून आले होते. मला ते सहन होईना.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी सही केली होती. ते माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी केली नाही, मी केली. पूर्ण पगार घेऊन परत आलो."

मंडपात वाढप्यांचे आवाज चालले होते. कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

"मंग त्या कागदावर सोताचं नाव घालनं लय जड गेलं असंल तुमाला," त्या म्हणाल्या. "चला. पंगत बसायलीया. जेवून जावा."